पाचवीच्या वहीचा पुरावा

त्या घरात नवा माणूस आला, की त्याला दोन गोष्टी दाखवल्या जात: गच्ची आणि वही. गच्ची कुणीही दाखवी. वही दाखवण्याचा अधिकार मात्र एकट्या दादांचा होता. दादा सदतीस वर्षे शिक्षक होते, त्यांतील शेवटची अकरा मुख्याध्यापक. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षे झाली होती. परंतु ही वार्ता त्यांच्या आवाजापर्यंत अद्याप पोहोचलेली नव्हती. मूल खोलीच्या दारातून आत येताच त्याचे पुढे काय होणार हे आपल्याला कळते, असे ते सांगत, आणि ज्यांचे पुढे तसे झाले नाही ती मुले भेटायला येत नसल्यामुळे या विधानाला आजवर कुणी आव्हान दिलेले नव्हते.

वही त्यांच्या धाकट्या बहिणीची होती. पाचवीची, निबंधाची, तपकिरी पुठ्ठ्याची. बहीण त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. ती पाचवीत गेली तेव्हा तिचे वर्गशिक्षक स्वतः दादाच होते. ही वही त्यांनी अडतीस वर्षे प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, ज्या काळजीने जपली होती त्या काळजीने अनेक घरांत जमिनीचे कागदही जपले जात नाहीत. चहा झाला, की ते पिशवी उघडत आणि निबंध जसा लिहिला होता अगदी तसा, गाळलेल्या काना-मात्रांसह आणि उलट्यासुलट्या अक्षरांसह, वाचून दाखवत. पाहुणे हसू लागत. मग ते थांबून म्हणत, "पुढची ओळ मला वाचता येत नाही. आमची बहीण ती आरशासाठी लिहिते. आरसा आणा."

आणि आरसा आणायला वहीची लेखिका स्वतः उठे. हे कुणी ठरवलेले नव्हते. परंतु हातआरसा आतल्या खोलीत कोणत्या खुंटीला असतो हे तिला ठाऊक होते, आणि प्रत्येक घरात उठणारी माणसे ठरलेली असतात. ती आरसा आणून देई, सर्वांबरोबर हसे, आणि रिकामे कप गोळा करून आत नेई. तिचे स्वतःचे लग्न ठरले तेव्हा भावी सासऱ्यांसमोरही हा कार्यक्रम यथासांग पार पडला होता. पुढे ती विधवा झाली, तिची मुलगी शिकून दुसऱ्या शहरी नोकरीला लागली, वहीची पाने पिवळी पडली. विनोद मात्र ताजा राहिला.

सातवीत ती तिसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा दादांनी वडिलांना सांगितले होते, "हिचं डोकं हातांत आहे. हाताचंच काम बघा." आपण तेव्हा बहिणीची स्तुती केली होती, असे दादांना आजही प्रामाणिकपणे वाटते.

हाताचे काम मिळाले ते एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात. शस्त्रक्रियेची हत्यारे धुऊन, पुसून, प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी वेगळ्या ट्रेमध्ये रचून, वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करून वर थिएटरमध्ये पाठवायची, हे त्या विभागाचे काम. ती लागली होती फरशी पुसायला. एकदा ट्रे लावणारी बाई आजारी पडली. हिने तिला रोज पाहिले होते, म्हणून हिनेच कुणाला न विचारता ट्रे लावले आणि वरून एकही तक्रार आली नाही. इस्पितळात तक्रार न येणे हाच सर्वोच्च सन्मान असल्यामुळे तिला त्या टेबलावर कायम करण्यात आले. या गोष्टीला चोवीस वर्षे झाली होती. वयाने तिच्याहून मोठे असलेले शल्यविशारदसुद्धा तिला मावशी म्हणत, आपणही म्हणू.

मावशींची एक पद्धत होती. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ट्रेमध्ये चोपन्न हत्यारे लागतात: चिमटे, कात्र्या, जखम उघडी धरणारे आकडे, सुई पकडायच्या पकडी. त्यांची छापील यादी टेबलाशेजारी टांगलेली असे. मावशींनी एका हिरव्या कापडावर त्या चोपन्न हत्यारांच्या आकृत्या पांढऱ्या दोऱ्याने शिवून काढल्या होत्या. कापड पसरायचे, प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर ठेवायचे. एकही आकृती उघडी राहिली नाही, की ट्रे पूर्ण. सात प्रकारच्या शस्त्रक्रिया, सात कापडे. यादीची पाने त्या ठरावीक अंतराने उलटत असत, कारण जो पाने उलटतो तो वाचत असतो, असा सुशिक्षितांत सार्वत्रिक समज आहे.

त्यांच्याकडे एक चष्माही होता. "चष्मा विसरले, जरा वाचून दाखव ना" हे वाक्य त्या शाळेपासून वापरत होत्या, आणि मध्यंतरी एका मुकादमाने "पण तुम्हाला चष्मा आहेच कुठे?" असे विचारल्यापासून त्यांनी नंबर नसलेल्या काचांचा एक चष्मा घेतला होता. विसरण्यासाठी वस्तू आधी जवळ असावी लागते. लेखी जगात टिकून राहण्यासाठी न वाचणाऱ्या माणसाला किती काटेकोरपणे वागावे लागते, याची कल्पना वाचणाऱ्यांना सहसा नसते.

अशा सुरळीत चाललेल्या विभागात गुणवत्ता यावी, असे व्यवस्थापनाला वाटले, आणि एक गुणवत्ता अधिकारी नेमण्यात आला. पहिल्याच दिवशी त्याने हिरवे कापड दोन बोटांत उचलले.

"हे काय आहे?"

"कापड आहे, साहेब."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"ट्रे चुकू नये म्हणून."

"ट्रे चुकू नये म्हणून यादी आहे. कापड हा दस्तऐवज नाही."

चोवीस वर्षांत एकही ट्रे चुकला नव्हता. पण न चुकण्याचा दस्तऐवज नव्हता, हेही खरेच. सातही कापडे मावशींच्या कपाटात बंद झाली. पाठोपाठ नियम आला: यापुढे ट्रे लावायचा तर सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उत्तीर्ण व्हावा लागेल. दोनदा परीक्षा देता येईल. दुसऱ्यांदा नापास झाल्यास बदली धुलाईघरात, चादरी घड्या करायला. जुन्या कर्मचाऱ्यांसाठी शालेय शिक्षणाची अट शिथिल करण्यात आली होती. बाकी काहीही शिथिल नव्हते. शिकवणाराही अधिकारीच होता, जेणेकरून गुणवत्तेत खंड पडू नये.

अशा रीतीने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मावशी पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. दुपारी चार ते सहा. वर्गात त्यांना पहिल्यांदा आनंद झाला आणि मग भीती वाटली. शाळेत हाच क्रम उलटा असे. अधिकारी जे बोले ते सारे त्यांच्या ध्यानात राही. वाफेचे तापमान, दाब, वेळ, कोणत्या धातूला काय सोसते, हे विचारताच उत्तर तयार. "वा, मावशी," तो म्हणे, "आता पुढचा परिच्छेद तुम्ही वाचा." मग चष्मा विसरलेला असे. वर्गातल्या तरुण मुली एकमेकींकडे पाहत आणि त्यांतली एक वाचू लागे.

पहिल्या परीक्षेचा निकाल लागला. प्रात्यक्षिक: शंभरपैकी शंभर. लेखी: शंभरपैकी नऊ.

नऊ गुणांवर अधिकाऱ्याची काही हरकत नव्हती. त्याला खटकले ते शंभर. ज्या बाईला लेखीत नऊ पडतात तिला प्रात्यक्षिकात शंभर पडूच शकत नाहीत, सबब प्रात्यक्षिकात नक्कल झाली असली पाहिजे, असा त्याने निष्कर्ष काढला आणि तीन जणांची चौकशी समिती नेमली. एकाच टेबलाशी एकटीने उभे राहून लावलेल्या ट्रेची नक्कल कुणाची केली, हा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेबाहेर ठेवण्यात आला. समितीत एक सदस्य बाहेरच्या विभागाचा हवा होता. त्या आठवड्यात साऱ्या इस्पितळात एकच व्यक्ती मोकळी निघाली: तळमजल्यावरच्या बालमार्गदर्शन कक्षात मुलांच्या चाचण्या घेणारी बाई. शाळांच्या परीक्षा चालू असल्यामुळे तिची मुले आली नव्हती.

"लेखी नऊ, प्रात्यक्षिक शंभर," अधिकारी म्हणाला. "यातला एक आकडा खोटा आहे."

"साहेब, दोन्ही माझेच आहेत," मावशी म्हणाल्या.

चाचणीबाईंनी प्रश्नपत्रिका पुढे केली. "मावशी, पहिला प्रश्न जरा वाचून दाखवता?"

"चष्मा—" असे म्हणून मावशी थांबल्या. चौकशीच्या धास्तीने त्या दिवशी त्यांनी चष्मा आठवणीने गळ्यात अडकवला होता. आयुष्यभराची शिस्त एका दिवसाच्या घाबरण्याने मोडली.

चाचणीबाईंनी हात पुढे केला, चष्मा घेतला आणि प्रश्नपत्रिकेवर धरून वरखाली केला. अक्षरे मोठीही झाली नाहीत, लहानही झाली नाहीत.

"ही साधी काच आहे."

"हो."

"किती वर्षं?"

"काच सहा वर्षं," मावशी म्हणाल्या. "विसरणं शाळेपासून."

समितीने नक्कल झाली नसल्याचा निष्कर्ष खेदपूर्वक नोंदवला. चाचणीबाईंनी मावशींना दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर बोलावले.

बालमार्गदर्शन कक्षातील खुर्च्या सात वर्षांच्या माणसासाठी केलेल्या होत्या. मावशी त्यांतल्या एकीवर बसल्या तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीशी आले. समोरच्या भिंतीवर हसरे हत्ती होते. तीन दिवस, रोज दोन तास, त्यांना बदकांची चित्रे क्रमाने लावायला सांगण्यात आले, अर्थ नसलेले शब्द वाचायला सांगण्यात आले, ऐकलेले आकडे उलट म्हणायला सांगण्यात आले. चित्रांचे ठोकळे जुळवायला चाचणीबाईंनी घड्याळ लावले आणि पहिले मिनिट संपायच्या आत बंद केले, कारण ठोकळे जुळून झाले होते. वाचनाच्या वेळी मात्र त्या घड्याळाकडे पाहीनाशा झाल्या. एका उताऱ्याला लागलेला वेळ पाहत बसणे हे त्यांना असभ्य वाटू लागले असावे.

"तुमची बुद्धी चांगली आहे, मावशी. चांगल्याहून चांगली," शेवटी त्या म्हणाल्या.

"मग वाईट काय आहे?"

"अक्षर बघितलं की त्याचा आवाज डोक्यात उमटतो ना, लोकांचा तो रस्ता सरळ असतो. तुमचा लांबून जातो. जन्मापासून. याला अध्ययन-अक्षमता म्हणतात."

इस्पितळात चोवीस वर्षे काढलेल्या माणसाला साजेसा प्रश्न मावशींनी विचारला. "कापता येतं?"

"नाही."

"औषध?"

"नाही. वेळ जास्त द्यायचा आणि कुणीतरी वाचून दाखवायचं. एवढंच."

मावशींनी हसऱ्या हत्तींकडे पाहिले. मग म्हणाल्या, "हे आळसात मोडतं का?"

"अजिबात नाही."

"लिहून द्याल?"

"देते की."

"मोठ्या अक्षरात द्या."

परंतु नुसते लिहून भागणार नव्हते. परीक्षेत एक तास जादा आणि एक वाचक मिळावा, यासाठी अर्ज करायचा होता. वाचता न येणाऱ्यांसाठी खास तयार केलेला हा अर्ज नऊ पानांचा होता आणि त्याचा टाइप औषधाच्या बाटलीवरच्या टाइपाहून बारीक होता. 'अर्ज अर्जदाराने स्वहस्ते भरावा' ही सूचना पहिल्याच पानावर ठळकपणे दिलेली होती. सातव्या पानावर खरी अडचण होती. प्रौढ अर्जदाराने आपली अक्षमता बालपणापासूनची असल्याचा पुरावा द्यायचा होता: शाळेतील लिखाणाचा नमुना, आणि आईवडील किंवा तत्कालीन शिक्षक यांचे सही केलेले निवेदन. त्यात निवेदकाने प्रत्यक्ष पाहिलेला किमान एक प्रसंग हवा. मुदत तीन आठवडे.

"शाळेतलं काही असेल का तुमच्याकडे?" चाचणीबाईंनी आशा न ठेवता विचारले. "बहुतेकांकडे नसतं. रद्दीत जातं."

"वही आहे. पाचवीची."

"संपूर्ण वही?"

"हो. तारखांसकट. सरांच्या शेऱ्यांसकट."

"अडतीस वर्षांपूर्वीची? मावशी, मला आजच्या मुलांचाही इतका चांगला पुरावा मिळत नाही! कुणी जपली?"

"दादांनी. माझ्या भावानं."

"किती दूरदृष्टी! त्यांना तेव्हाच शंका आली होती का?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "पाहुण्यांना वाचून दाखवायला ठेवलीय."

चाचणीबाईंचे पेन थांबले. त्या म्हणाल्या, "हे अर्जात लिहायची गरज नाही."

आईवडील हयात नव्हते. तत्कालीन शिक्षक हयात होते, ठणठणीत होते, आणि रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून संपादकांना पाठवत होते. धुलाईघर आणि ट्रेचे टेबल यांच्यामध्ये आता त्यांचीच एक सही उभी होती.

दादांनी बहिणीचे सगळे ऐकून घेतले. ऐकून घेण्याची त्यांची पद्धत म्हणजे समोरचा बोलत असताना उत्तर तयार करणे.

"असले आजार हल्ली निघालेत," ते म्हणाले. "माझ्या वेळी नव्हते."

"तुमच्या वेळी मी होते ना, दादा."

वहिनींनी पदराआड हसू दाबले. दादांनी ते पाहिले नाही, असे दाखवले.

"आणि मी काय लिहून द्यायचं? की सदतीस वर्षं शिकवूनही मला घरातलं मूल ओळखता आलं नाही?"

"एवढं नका लिहू. काय बघितलंत तेवढं लिहा."

"आणि वही? मूळ वही द्यायची?"

"झेरॉक्स काढतात, म्हणाल्या."

"झेरॉक्समध्ये लाल शाई काळी येते," दादा खिन्नपणे म्हणाले. एखाद्या संग्रहालयाच्या अध्यक्षाने मूर्ती परदेशी पाठवताना करावा तसा चेहरा करून त्यांनी पिशवी खाली काढली.

पहिले निवेदन त्यांनी चार दिवसांत लिहिले. ते पाच पानांचे होते. त्यात त्यांची नेमणूक, बढती, दोन पुरस्कार आणि शाळेच्या नव्या इमारतीचा सविस्तर वृत्तान्त होता. विद्यार्थिनी चौथ्या पानावर, 'इतर' या उपशीर्षकाखाली, एकदा आली होती. चाचणीबाईंनी ते परत पाठवले. दुसऱ्या निवेदनात विद्यार्थिनी पहिल्याच ओळीत होती: 'सदर विद्यार्थिनी अभ्यासाकडे दुर्लक्ष करीत असे.' तेही परत आले. तिसरे भाषेच्या दृष्टीने निर्दोष होते. 'तत्कालीन परिस्थितीत सदर बाब निदर्शनास आणून दिली गेली नसल्याने तिची दखल घेतली जाऊ शकली नाही.' या वाक्यात कुणीही काहीही केलेले नव्हते. चाचणीबाईंनी त्याखाली एक चिठ्ठी जोडली: 'सर, कृपया एक प्रसंग. आपण पाहिलेला.'

मुदतीचा आदला दिवस रविवार होता. मावशी सकाळीच भावाकडे येऊन पुढच्या खोलीत बसल्या. दादा टेबलाशी कोरा कागद घेऊन बसले होते. चष्मा, दोन पेने, शब्दकोश, सगळे हाताशी होते.

"प्रसंग म्हणजे नेमकं काय हवंय त्यांना?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारले.

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "सदतीस वर्षं मुलांना प्रसंगलेखन शिकवलंत. एक प्रसंग सुचत नाही होय?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये कुठं बोलतेय? मी ओट्याशी आहे. वन्सं, चहा घेणार ना?"

"घेईन, वहिनी."

"आठवत नसेल तर वहीत बघा म्हणावं. एवढी पाठ आहे."

हा टोमणा उपयोगी पडला. दादांनी वही उघडली. आजवर त्यांनी ती शेकडो वेळा वाचली होती. परंतु नेहमी उभ्याने, मोठ्याने आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत. बसून, मनात, पानाकडे पाहत वाचण्याची ही पहिलीच वेळ. तेवीस निबंध होते आणि तेवीस शेरे. आळस. दुर्लक्ष. पुन्हा आळस. मुद्दाम. दुर्लक्ष. मुद्दाम. शेऱ्यांचे हस्ताक्षर फार सुंदर होते. पंचविसाव्या वर्षीचे हस्ताक्षर. त्यात कुठेही शंका नव्हती.

सतराव्या निबंधापाशी ते थांबले. पान अर्ध्यावर कोरे होते. शेवटच्या शब्दाचे एकच अक्षर उतरले होते आणि त्या अक्षरातून पेन्सिलीची एक लांब रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली होती, हाताखालून वही ओढल्यावर जाते तशी. खाली शेरा होता: 'वेळेत अपूर्ण. उद्धट.'

हा निबंध ते पाहुण्यांना वाचून दाखवत नसत. अर्धा असल्यामुळे त्याला रंगत नव्हती.

"इथं उद्धट का लिहिलंय मी?" त्यांनी विचारले. स्वतःच्या शेऱ्याचे कारण दुसऱ्याला विचारण्याची वेळ त्यांच्यावर पूर्वी आलेली नव्हती.

मावशींना पान पाहावे लागले नाही. "घंटा झाली होती. सगळ्यांनी वह्या दिल्या. तुम्ही बाकाशी आलात. मी म्हटलं, दादा, अजून थोडा वेळ."

"मग?"

"वर्गात दादा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, असं तुमचं ठरलेलं होतं. मी विसरले. मुलं हसली."

"आणि मी..."

"वही ओढलीत."

दादांनी पेनाचे टोपण काढले, लावले, पुन्हा काढले.

"वेळ मागितला होतास तू," ते म्हणाले. "मला एवढंच लक्षात होतं, की वर्गासमोर दादा म्हणालीस."

"हो."

"नंतर कधी मागितला नाहीस."

"नाही. नंतर चष्मा विसरायला लागले."

दादांनी लिहायला सुरुवात केली. शब्दकोश उघडला नाही. दहा मिनिटांत कागद संपवला आणि बहिणीपुढे सरकवला; मग कुणापुढे काय सरकवले हे ध्यानात येऊन ओशाळले आणि परत ओढून घेतला. "वाचून दाखवतो," ते म्हणाले. त्या घरात आजवर दादांनी बहिणीला मोठ्याने वाचून दाखवलेली ही पहिलीच गोष्ट, जी ऐकायला दुसरे कुणी बोलावलेले नव्हते.

"'इयत्ता पाचवी. निबंध क्रमांक सतरा. विद्यार्थिनी बोट ठेवून एकेक अक्षर लिहीत होती. इतर मुलांचे पान पूर्ण झाले तेव्हा तिच्या चार ओळी झाल्या होत्या. ती खेळत नव्हती, बोलत नव्हती, खिडकीबाहेर पाहत नव्हती. हे मी पाहिले. वेळ संपल्यावर तिने जादा वेळ मागितला. मी दिला नाही. कारण, तिने मला दादा म्हटले.'"

ते थांबले. "'कारण' नंतर स्वल्पविराम हवा की नको, ते बघावं लागेल."

"असू दे, दादा," मावशी म्हणाल्या. "सही करा."

अर्ज मंजूर झाला. मंजुरीची सूचना रीतसर फलकावर लावण्यात आली, जेणेकरून अर्जदाराला ती वाचता यावी; चाचणीबाईंनी खाली येऊन ती वाचून दाखवली. दुसऱ्या परीक्षेला मावशींना चार तास मिळाले आणि एक वाचक मिळाला. तो नोंदणी खात्यातला कारकून होता आणि नियमाला इतका पक्का, की 'कृपया पान उलटा' हेसुद्धा त्याने त्याच गंभीर स्वरात तीनदा वाचले. त्याने वाचायचे, मावशींनी सांगायचे, मग मावशींनीच एकेक शब्द लिहायचा. कारण वाचक मंजूर झाला होता, लेखनिक नव्हे. त्यासाठी वेगळा अर्ज होता. चौथा तास संपायला सहा मिनिटे असताना त्यांनी पेन ठेवले. जादा तासातली चौपन्न मिनिटे त्यांनी वापरली. उरलेली सहा मिनिटे त्या नुसत्या बसून राहिल्या, उत्तरांची वही समोर ठेवून, कुणी ओढत नाही हे पाहत.

लेखी: एकसष्ट.

"अभिनंदन, मावशी," अधिकारी म्हणाला. "आता तुम्ही ट्रे लावायला पात्र झालात."

"हो, साहेब," मावशी म्हणाल्या आणि चोवीस वर्षे जिथे उभ्या होत्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. चाचणीबाईंनी मंजुरीच्या कागदावर, 'सहायक साधने' या रकान्यात, 'कापड, हिरवे, नग सात' अशी नोंद करून ठेवली होती. कापड आता दस्तऐवज झाले होते. अधिकाऱ्याने त्यावर क्रमांक टाकले.

महिनाभराने दादांच्या मुलीचे लग्न ठरले आणि होणारे व्याही पहिल्यांदा घरी आले. त्यांना गच्ची दाखवण्यात आली. चहा झाला. मग व्याही हसत म्हणाले, "तुमच्याकडे म्हणे एक वही आहे. आमच्या मुलानं फार कौतुक ऐकलंय."

खोलीतली निम्मी माणसे आधीच हसू लागली होती. कुणीतरी म्हणाले, "आरसा!" आणि सवयीने सगळ्यांचे डोळे मावशींकडे वळले. मावशी बसून राहिल्या. त्यांच्या हातात कप होता आणि त्यात अजून चहा होता.

दादांनी घसा साफ केला.

"वही आता नाही. ती एका अर्जाला जोडली. जमा झाली."

"अरेरे! परत नाही मिळत?"

"नाही," दादा म्हणाले. "मूळ प्रत परत देत नाहीत. नियम आहे."

असा नियम नव्हता. वही तीन आठवड्यांपूर्वीच परत आली होती आणि तळघरातल्या कपाटात, सात हिरव्या कापडांच्या खाली, होती. दादांना हे ठाऊक होते, त्यांनी विचारले होते, "परत मिळाली का?", बहीण "हो" म्हणाली होती, आणि पुढे दोघेही काही बोलले नव्हते. सदतीस वर्षे मुलांच्या खोट्या सबबी एका नजरेत ओळखणाऱ्या मुख्याध्यापकांची स्वतःची सबब फारच कच्ची होती. 'मूळ प्रत' म्हणताना ते अडखळलेही.

मावशींनी त्यांना घाई केली नाही. चहा सावकाश संपवला. मग होणाऱ्या व्याह्यांना म्हणाल्या, "गच्चीवरून मागची बाजू बघितलीत का? चला, दाखवते."

कप मात्र त्यांनी तिथेच ठेवला. तो नंतर दादांनी उचलला.